टोमॅटोची रोपं लांबट होऊन पडतात: खत नको, उजेड बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडला अकराव्या मजल्यावर फ्लॅट, पूर्वेची बाल्कनी. ऑगस्टमध्ये एका कुंडीत टोमॅटोचं पाकीटभर बी टाकलं. पाच दिवसांत भरभरून उगवलं. पुढच्या आठवड्यात रोपं बारीक, फिकट आणि लांबच लांब झाली आणि निम्मी बुडाशी मऊ पडून आडवी झाली. उरलेल्यांचं खोड जाड व्हावं म्हणून कोणतं खत घालावं?

कोणतंही नाही. या वयात खत घातलं तर ती आणखी लांबतील. रोपाचं खोड जाड होतं ते उजेडामुळे. उगवल्यानंतरचे पहिले आठ-दहा दिवस रोप कुठे ठेवलं आणि वरची माती किती ओली राहिली, यावर ते पुढे कसं होणार हे जवळपास ठरून जातं. बाकीच्या गोष्टी महत्त्वाच्या आहेत, पण त्या नंतर येतात.

तुमच्या कुंडीत दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडल्या. रोपं लांबली ती उजेड कमी आणि ऊब जास्त म्हणून. बी अंधारात उगवलं की ते उजेड शोधत वर ताणतं, आणि हवा जितकी उबदार तितकं वेगाने ताणतं. ऑगस्टमध्ये ठाण्यात आभाळ भरलेलं असतं, वरून बाल्कनीचा स्लॅब असतो आणि रात्रीसुद्धा पारा २५ अंशांच्या आसपास असतो. अशा हवेत कोवळं रोप एका रात्रीत डोळ्यांना दिसेल इतकं वाढतं. आडवी पडली ती मात्र मर रोगाने. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरश्या ओल्या मातीत जमिनीलगतच्या खोडावर हल्ला करतात. तिथे खोड पाणचट, तपकिरी होऊन आवळल्यासारखं दिसतं आणि वरचा भाग हिरवा असतानाच रोप कोलमडतं. उजेड कमी असला की माती वाळत नाही, दाटी असली की हवा खेळत नाही, म्हणून या दोन्ही गोष्टी हातात हात घालून येतात.

परदेशी व्हिडिओंत बी रुजवायला ट्रे फ्रिजवर ठेवा, खाली गरम मॅट घाला, प्लॅस्टिकने झाकून ठेवा असं सांगतात. ते थंड हवेच्या देशांसाठी ठीक आहे. टोमॅटोचं बी २५ ते ३० अंशांत उत्तम रुजतं आणि तेवढी ऊब ठाणे-नवी मुंबईत बहुतेक वर्षभर आहेच. आपल्याकडे कमतरता पडते उजेडाची आणि कोरड्या, खेळत्या हवेची. त्यामुळे आपली सगळी धडपड त्यासाठी हवी.

पेरणी कधी

नवशिक्याने ऑगस्टमध्ये टोमॅटो पेरूच नये. सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून पुढे पेरा. रोपं दसऱ्याच्या आसपास मोठ्या कुंडीत जातील. फुलं येतील ती नोव्हेंबरमध्ये, रात्री जरा थंडावल्यावर, आणि डिसेंबरपासून टोमॅटो पिकायला लागतील. हा हिशेब फुलांपासून उलटा मोजलेला आहे. रात्रीचं तापमान साधारण १५ ते २१ अंशांत असलं की टोमॅटोची फळधारणा चांगली होते. रात्री २४-२५ च्या वर आणि दिवस ३५ च्या वर गेले की परागकण नीट काम करत नाहीत आणि फुलं देठापासून गळतात. फेब्रुवारीत पेरणाऱ्याच्या वाट्याला एप्रिलमध्ये झाड मोठं, फुलं भरपूर आणि टोमॅटो दोन-चार असं का येतं, त्याचं कारण हेच.

एकदम सगळं बी पेरू नका. सप्टेंबरमध्ये एक खेप, ऑक्टोबरच्या मध्याला दुसरी, हवं तर नोव्हेंबरच्या शेवटी तिसरी. शेवटच्या खेपेचे टोमॅटो फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळतात. चार माणसांच्या घराला पाच-सहा झाडं पुष्कळ होतात, त्यासाठी दहा-बारा बिया पुरे. एका ग्रॅममध्ये साधारण तीनशे बिया भरतात, त्यामुळे पाकीट रिकामं करायची घाई नको.

उरलेलं बी जपून ठेवा, कारण आपल्याकडची दमट हवा बी मारते. पाकिटाचं तोंड चिकटपट्टीने बंद करून ते घट्ट झाकणाच्या बाटलीत, सोबत सिलिका जेलची पुडी घालून, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं तर टोमॅटोचं बी तीन-चार वर्षं सहज चालतं. उघड्या पाकिटातलं बी एका पावसाळ्यात कमजोर पडतं. शंका असेल तर दहा बिया ओल्या टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा. आठवडाभरात सात-आठ बियांना तरी मोड आले नाहीत तर नवं पाकीट आणा.

बाल्कनीची दिशा

उजेडाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. ठाणे साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, एरवी वर्षभर दक्षिणेला. म्हणजे सप्टेंबर ते मार्च या टोमॅटोच्या हंगामात उत्तरेच्या बाल्कनीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही आणि दक्षिणेच्या बाल्कनीची चंगळ असते. पण सप्टेंबरमध्ये सूर्य अजून बराच वर असतो. वरच्या मजल्याच्या स्लॅबमुळे दुपारचं ऊन कठड्याच्या उंचीवर जेमतेम दोन फूट आत येतं. डिसेंबरमध्ये तेच ऊन पाच फूट आत पोहोचतं. त्यामुळे सप्टेंबरच्या पेरणीचा ट्रे भिंतीशी, टेबलावर ठेवून चालत नाही. तो अगदी कठड्यालगत, शक्य असेल तर ग्रिलच्या बाहेरच्या अंगाला हवा. बाल्कनीत एक पाऊल मागे सरकलं की उजेड किती उतरतो ते आपल्या डोळ्यांना कळत नाही, रोपाला लगेच कळतं.

तुमची बाल्कनी पूर्वेची आहे, ती रोपांसाठी चांगली जागा आहे. सकाळी साडेसहा-सातपासून साडेदहा-अकरापर्यंत कोवळं ऊन मिळतं आणि दुपारच्या तापाचा धोका नसतो. ट्रेच्या मागे, घराच्या बाजूला, थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा केला तर परतणारा उजेड मिळून रोपं आत-बाहेर झुकायची थांबतात. ट्रे रोज अर्धा फिरवा. पश्चिमेच्या ग्रिलमध्ये ऊन मिळतं पण ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी काळा प्लॅस्टिकचा ट्रे तापून मुळं भाजतात. तिथे दुपारी बारा ते चार ५० टक्के सावलीची हिरवी नेट लावा, किंवा ट्रेच्या बाजूंना पांढरा कागद गुंडाळा. पावसासाठी ग्रिलवर बसवलेला पॉलिकार्बोनेटचा पत्रा असेल तर आधी तो धुऊन घ्या. घोडबंदर रोड किंवा ठाणे-बेलापूर रोडलगतच्या इमारतींत या पत्र्यांवर धुळीचा असा थर बसलेला असतो की खाली कायमचं ढगाळ. खिडकीची रंगीत काच तर सरळ अपात्रच.

उत्तरेची बाल्कनी असेल तर रोपं एलईडी बॅटनखाली करता येतात. २० वॅटच्या, पांढऱ्या उजेडाच्या दोन बॅटन शेजारी-शेजारी, रोपांच्या शेंड्यापासून १० ते १२ सेंटीमीटरवर, रोज १४ तास. रोपं वाढतील तशा बॅटन वर घ्यायच्या. जांभळ्या रंगाचे महागडे दिवे लागत नाहीत. छताला लावलेल्या ट्यूबलाइटचा मात्र काहीही उपयोग होत नाही, अंतर फार आहे. आणि एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी: रोप दिव्याखाली होईल, पण पुढे फळाला रोज पाच-सहा तास ऊन लागणारच. ते घरात कुठेच नसेल तर सोसायटीच्या गच्चीची परवानगी मिळते का ते आधी बघा, मग बी आणा.

बी आणि माती

सुरुवातीला जातीचा फार विचार नको, पण दोन नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का रक्षक ही संकरित जात पर्णगुच्छ विषाणू (याने पानं चुरगळून झाडाची वाढ थांबते), जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा अशा तीन रोगांना प्रतिकारक आहे. कोकणपट्टीत जिवाणूजन्य मर (वर सांगितलेल्या बुरशीच्या मर रोगाहून वेगळी) त्रास देते, त्यामुळे हा गुण इथे कामी येतो. दिल्लीच्या पुसा संस्थेची पुसा रुबी ही जुनी, सरळ वाण. तिचं बी स्वतः धरून पुढच्या वर्षी पेरता येतं. चेरी टोमॅटो कुंडीत सगळ्यात सोपा, त्याला उष्णताही जरा जास्त सोसते.

भाजीतल्या टोमॅटोचं बी पेरू नये असं नाही, उगवतं ते. पण वाशीच्या एपीएमसीत येणारा माल बहुतेक नारायणगाव, नाशिककडचा, संकरित जातींचा असतो. त्याच्या बियांपासून येणारी झाडं आईसारखी निघत नाहीत, प्रत्येक वेगळं. पहिल्याच वर्षी चांगलं-वाईट ओळखता येत नसताना हा गोंधळ कशाला? पाकिटातलं बी गुलाबी किंवा हिरव्या रंगात बुडवलेलं असेल तर त्यावर बुरशीनाशकाचा लेप आहे. ते भिजवू नका, आणि हाताळल्यावर हात धुवा. साधं, बिनलेपाचं बी असेल तर पेरण्याआधी चिमूटभर ट्रायकोडर्मा पावडर (रोगाच्या बुरश्यांना रोखणारी उपयोगी बुरशी) आणि दोन थेंब पाणी घालून डबीत हलवून घ्या.

रोपांसाठी कुंडीतली जुनी माती वापरू नका. लाल माती तर नकोच. ती पाण्याने घट्ट बसते, मुळांना हवा मिळत नाही, आणि त्यात आधीच्या झाडांच्या बुरश्या असतात. दोनशे मिलीच्या बारा ग्लासांना साधारण अडीच लिटर मिश्रण लागतं: दीड लिटर धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाऊण लिटर चाळलेलं गांडूळखत, पाव लिटर परलाइट (माती सुटी ठेवणारे हलके पांढरे दाणे). परलाइट नसेल तर भाताचं तूस चालतं. मुरबाड, शहापूरकडच्या भातगिरणीत पोत्याने मिळतं. यात एक चमचा ट्रायकोडर्मा आणि एक चमचा निंबोळी पेंड मिसळा, मिश्रण ओलसर करून चार-पाच दिवस सावलीत झाकून ठेवा, मग वापरा. पेंड ताजी घालून लगेच पेरलं तर ती कुजताना तापते आणि रुजणाऱ्या बीला बाधते.

कोकोपीट धुतलेलं असं मुद्दाम म्हटलं. नारळाच्या काथ्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात आणि स्वस्त विटांमध्ये ते भरपूर सापडतात. ६५० ग्रॅमची वीट तीन-चार लिटर पाण्यात फुगवली की आठ-नऊ लिटर कोकोपीट होतं. ते जुन्या सुती कापडात घालून, पाणी भरून पिळायचं, असं दोन-तीनदा. पहिलं पाणी चहासारखं तपकिरी निघतं, शेवटचं बरंच फिकट. हे न केल्यास रोपं उगवतात पण पानांच्या कडा करपतात आणि वाढ खुंटते. लोक मग खत कमी पडलं असं समजून आणखी क्षार घालतात.

गांडूळखताचंही बघून घ्या. हातात घेतल्यावर सुटं, काळपट आणि पावसानंतरच्या मातीचा वास असलेलं हवं. अमोनियासारखा उग्र वास येत असेल तर ते कच्चं आहे. काही पिशव्यांत निम्मी मातीच असते, ती पाण्यात टाकली की तळाशी चिखल बसतो.

पेरणी

एका कुंडीत बी पसरण्यापेक्षा ५० कप्प्यांचा प्रो-ट्रे, नाहीतर ताकाचे किंवा कागदी ग्लास घ्या. ग्लासाच्या बुडाला तापलेल्या सुईने चार-पाच भोकं पाडा. नर्सरीवाले ९८ कप्प्यांचे ट्रे वापरतात, पण त्यातलं रोप २१ ते २५ दिवसांत हलवावंच लागतं. नवशिक्याची कुंडी, माती, जागा वेळेवर तयार नसते. मोठ्या कप्प्यात आठवडाभर उसंत मिळते.

मिश्रणाची ओल मुठीने बघा. घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार नाही. कप्पा भरून हलकेच आपटून घ्या, दाबू नका. मध्यभागी पाऊण सेंटीमीटर खोल खळगा, त्यात एक बी, जुन्या पाकिटातलं असेल तर दोन. वर कोरडं कोकोपीट भुरभुरवा. बी फार वर राहिलं तर त्याचं टरफल मातीत घासलं जात नाही आणि रोप डोक्यावर टोपी घेऊनच वर येतं. तशी टोपी दिसली तर ओढू नका. त्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा, पंधरा-वीस मिनिटांनी नखाच्या टोकाने अलगद सुटते.

आता इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या. ट्रे झाकायचाच असेल तर वर्तमानपत्राने झाका आणि चौथ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ उचलून बघा. आधी मिश्रणाचा पृष्ठभाग एखाद्या ठिकाणी किंचित उचललेला, चिरलेला दिसतो. मग त्या चिरेत पांढरट, वाकलेला दोऱ्याएवढा गळा वर येतो. पानं अजून मातीतच असतात. पहिला असा गळा दिसला की त्याच घटकेला कागद काढायचा आणि ट्रे उजेडात न्यायचा. बाकीच्या बिया उगवायच्या असल्या तरी. त्यांना उजेडाने काही होत नाही, त्या येतील मागून. सगळं एकदम उगवू दे, मग उघडतो असं म्हणून एक दिवस थांबलात की पहिल्या रोपांचं खोड बरंच ताणलेलं असतं आणि ते पुन्हा आखूड होत नाही. संध्याकाळी गळा दिसला तर रात्रीही झाकण नको.

पाणी

बी उगवेपर्यंत ओल टिकवायची, उगवल्यानंतर वरचा थर रोज एकदा तरी वाळू द्यायचा. मर रोगावर याहून मोठं औषध नाही. पाणी सकाळीच द्या. संध्याकाळी दिलेलं पाणी आपल्या दमट हवेत रात्रभर तसंच राहतं. शक्य तितकं खालून द्या: ट्रे किंवा ग्लास परातीत बोटभर पाण्यात दहा मिनिटं ठेवायचे, वरचा रंग गडद व्हायला लागला की काढून निथळत ठेवायचे. परातीत पाणी साठवून ट्रे तसाच सोडू नका. पाणी हवं की नको ते ग्लास उचलून वजनावरून ठरवा, चार दिवसांत हाताला अंदाज येतो. वरून कोरडा पण उचलल्यावर जड असेल तर आज पाणी नाही.

पालिकेचं नळाचं पाणी रोपांना चालतं. क्लोरीनचा वास जास्त वाटला तर बादलीत रात्रभर उघडं ठेवा. सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर जपून. खाडीलगतच्या भागात बोअरचं पाणी मचूळ असू शकतं आणि कोवळ्या रोपांना ते सोसत नाही. पावसाचं पाणी धरून ठेवता आलं तर उत्तम.

उगवल्यावर मिश्रणावर जाडसर धुतलेल्या वाळूचा दोन-तीन मिलीमीटर थर द्या. खोडालगतचा भाग कोरडा राहतो आणि ओल्या गांडूळखतावर येणारी बारीक काळी चिलटंही कमी होतात. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. एखादं रोप कोलमडलंच तर ते मिश्रणासकट काढून टाका, शेजारच्या कप्प्यांना पाणी थांबवा, आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात कालवून उरलेल्या रोपांच्या बुडाशी थोडं-थोडं ओता. हातमोजे घाला. कोलमडलेलं रोप औषधाने उभं राहत नाही, वाचवायची असतात ती शेजारची. ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशी आहे, त्यामुळे ती आणि तांब्याचं औषध एकाच वेळी घालून उपयोग नाही.

खत, वारा, हात

पहिली दोन लांबट पानं ही बीजपत्रं. त्यांच्यात बीचा शिधा असतो आणि गांडूळखत मिश्रणात आहेच, त्यामुळे खरी, कातरलेल्या कडांची पानं फुटेपर्यंत काहीही देऊ नका. पहिली खरी पानं उघडली की १९:१९:१९ हे विद्राव्य खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) लिटरला अर्धा ग्रॅम, आणि पुढच्या आठवड्यापासून एक ग्रॅम, आठवड्यातून एकदाच. पान फिकट हिरवं असेल तरच. गडद हिरवं, मऊ, लोंबणारं पान म्हणजे नत्र जास्त झालं, अशा रोपावर मावा आधी येतो. खालच्या अंगाला पानं जांभळी झाली तर स्फुरद मिळत नाही असा अर्थ. बहुतेक वेळा त्याचं कारण खताची कमतरता नसून सतत ओली राहिलेली, हवा न मिळालेली मुळं असतात. आधी पाणी कमी करून बघा. युरिया घालायचा मोह अजिबात नको.

वाऱ्याने खोड खरोखर जाड होतं. रोप हललं की ते उंची कमी ठेवून खोडात जाडी भरतं. उघड्या बाल्कनीत हे आपोआप होतं. बंद ग्रिलमध्ये किंवा दिव्याखाली लहान पंखा दिवसातून दोन-तीन तास, पानं नुसती थरथरतील इतक्याच वेगाने. पंखा नसेल तर सकाळ-संध्याकाळ तळहात शेंड्यांवरून दहा-पंधरा वेळा हलका फिरवा. पानं ओली असताना मात्र हात लावू नका. अकराव्या मजल्यावर अडचण उलटी असू शकते: वारा इतका की ग्लास दुपारपर्यंत खडखडीत. मग ग्लास एका क्रेटमध्ये एकमेकांना टेकवून ठेवा.

घरात कोणी तंबाखू, मिश्री, सिगारेट ओढत किंवा लावत असेल तर रोपांना हात लावण्याआधी साबणाने हात धुवायला सांगा. तंबाखू आणि टोमॅटो एकाच कुळातले आहेत आणि तंबाखूचा मोझॅक विषाणू हातावरून रोपावर येतो.

किडींपैकी खरी भीती पांढऱ्या माशीची. ती रस शोषते ते फार नाही, पण पर्णगुच्छाचा विषाणू आणते. पानं वर वळून लहान, चुरगळलेली होतात आणि झाड तिथेच थांबतं. यावर औषध नाही, झाड उपटावं लागतं. म्हणून रोपं ट्रेमध्ये असतानाच ४० ते ५० मेशची नायलॉन जाळी चारही बाजूंनी, खालूनसुद्धा, लावा. मच्छरदाणीचं कापड थोडं विरळ पडतं, तरी नसण्यापेक्षा बरं. आणि त्याने कबुतरंही दूर राहतात, जी कोवळी रोपं उपटून टाकण्यात पटाईत आहेत. जाळीच्या आत एक पिवळा चिकट सापळा टांगा, त्यावरून माशी आली का ते कळतं. दिसली तर निंबोळी तेल १५०० पीपीएम लिटरला ३ मिली आणि एक मिली पातळ साबण, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने.

ग्लासातून कुंडीत

पंचविसाव्या ते तिसाव्या दिवसापर्यंत रोप १२ ते १५ सेंटीमीटर उंच, चार-पाच खऱ्या पानांचं होतं. खोड बुडाशी जांभळट आणि वर हिरवं, पानांमधलं अंतर कमी, आणि ग्लासातून काढल्यावर मुळं पांढरी. मुळं तपकिरी होऊन बुडाशी गोल फिरलेली असतील तर उशीर झाला.

हलवण्याआधी आठवडाभर त्याला उन्हाची सवय करा. पहिल्या दिवशी एक तास थेट ऊन, मग रोज तासभर वाढवत न्या, पाणी थोडं हात राखून. एकदम दुपारच्या उन्हात ठेवलेल्या रोपाच्या पानांवर पांढरे, कागदासारखे डाग पडतात.

कुंडी किंवा ग्रो बॅग १२ ते १५ लिटरची हवी. माती, शेणखत किंवा गांडूळखत, कोकोपीट साधारण समान भागांत. लाल माती नर्सरीतून आणा आणि ज्या कुंडीत आधी वांगी, मिरची किंवा टोमॅटो होता ती माती वापरू नका, तिघांचे बरेच रोग एकच. लागवड संध्याकाळी. बीजपत्रं आणि त्यांच्या लगतचं खालचं एखादं पान काढून खोड तिथपर्यंत मातीत गाडा. टोमॅटोच्या गाडलेल्या खोडाला मुळं फुटतात. पुढचे दोन-तीन दिवस दुपारची सावली द्या आणि काठी त्याच दिवशी रोवा, नंतर रोवताना मुळं तुटतात.

गाडलेल्या खोडाला मुळं फुटतात, याच गुणामुळे तुमची उरलेली काही रोपं वाचतील. आज कुंडीतलं पाणी थांबवा आणि जमिनीलगतची खोडं निरखून बघा. आवळलेली, तपकिरी दिसतात ती टाकून द्या, ती जगणार नाहीत. ज्यांचं खोड बुडाशी कडक आणि हिरवं आहे ती चमच्याने मुळांसकट उचला. धरताना पानाला धरा, खोडाला नाही. पान तुटलं तर दुसरं येतं, खोड चेपलं की रोप गेलं. खोल ग्लासात तळाला दोन बोटं ताजं मिश्रण घालून रोप ठेवा, बीजपत्रांच्या एक सेंटीमीटर खालपर्यंत मिश्रण भरा आणि खालून पाणी द्या. मिश्रण फक्त दमट असू दे, ओलं गच्च असेल तर गाडलेलं खोड मुळं फुटण्याआधी कुजतं. दोन दिवस सावलीच्या उजेडात, मग कठड्यावर. आठ-दहा दिवसांत नवं पान आलं तर रोप धरलं. सोबत सप्टेंबरच्या खेपेच्या बारा बिया पेराच.

आणि दोन्ही खेपा बिघडल्या तर घोडबंदर रोडच्या नर्सरीतून चार रोपं आणायला हरकत नाही. फुलं आलेलं उंच रोप घेऊ नका, ते लहान पिशवीत अडकून म्हातारं झालेलं असतं. बुटकं, रुंद, चार-पाच पानांचं घ्या, पानं उलटी करून पांढरी माशी बघा, आणि घरी आणल्यावर आठवडाभर बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा.